मर्सीकाठचा वाद

लिव्हरपूल हे नाव आम्हा वऱ्हाडकरांच्या कानांवर प्रथम पडले ते गाण्याबरोबर नव्हे, कापसाबरोबर. माझे पणजोबा खामगावला एका अडत्याकडे मुनीम होते. त्या काळी आमच्या रुईचे दैव ठरायचे ते सातासमुद्रांपलीकडून तारेने येणाऱ्या लिव्हरपूलच्या भावावर. तो चढला की गावात पेढे, पडला की गावात सुतक. आमच्या आजीची तर अखेरपर्यंत अशी समजूत होती की लिव्हरपूल हा कोणी शेठ असावा, आणि तो फार हिशेबी असावा. पुढे आमच्या पिढीने तेच नाव चार झिपऱ्या पोरांच्या संगतीत ऐकले, आणि शेठजी मागे पडले. २०२४ च्या जूनमध्ये, उन्हाळ्याची सुट्टी संपता संपता, मी त्या गावी जाऊन आलो. निमित्त मात्र कापसाचे नव्हते. मला नेण्यात आले होते ते एका वादात पंच म्हणून.

वादाची हकीकत अशी. माझी थोरली बहीण मँचेस्टरला असते. भाऊजी तिथे डॉक्टर आहेत. त्या घरात धर्मावरून भांडण नाही, राजकारणावरून नाही. पण जगातला सर्वांत थोर आणि सर्वांत प्रभावी रॉक बँड कोणता, या एका प्रश्नावर जेवणाचे टेबल दुभंगले आहे. दुभंगले म्हणणेही कमीच, कारण तट तीन आहेत. भाऊजी लेड झेपेलिनचे. नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेत असताना वसतिगृहात कोणाच्या तरी कॅसेटवर त्यांनी ते गाणे ऐकले आणि ते जन्माचे त्या मंडळींचे झाले. भाचा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा, स्वतः गिटार वाजवणारा. तो व्हेल्व्हेट अंडरग्राउंड नावाच्या न्यूयॉर्कच्या मंडळींचा कैवार घेतो. त्यांची १९६७ साली निघालेली पहिली तबकडी फारशी कोणी विकत घेतली नाही, आणि भाच्याच्या मते हाच तिच्या थोरवीचा पहिला पुरावा! भाची पंधरा वर्षांची. ती नुकतीच लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर टेलर स्विफ्टचे गाणे ऐकून आली होती आणि अजून पुरती जमिनीवर उतरली नव्हती. पण "ती बँड नाही, एकटी गाते, सबब बाद" असा निकाल बापलेकांनी एकमताने दिला. त्या घरातले ते दुर्मीळ एकमत. तेव्हा पोरीने नाइलाजाने क्वीनचे निशाण हाती घेतले.

"मामा, तुला यातलं काही कळत नाही, म्हणून तूच पंच," भाचा म्हणाला. पंचाची इतकी नेमकी व्याख्या मी आजवर ऐकली नव्हती.

खरे सांगायचे तर असल्या वादांशी आपला परिचय जुना आहे. बालगंधर्व की केशवराव भोसले, या प्रश्नावर आपल्याकडे मित्रांनी मित्रांशी बोलणे टाकले होते. दोघे १९२१ साली 'संयुक्त मानापमाना'त एकाच रंगभूमीवर उभे राहिले तेव्हा नाट्यगृहात जमलेल्यांपैकी निम्मे लोक गाणे ऐकायला आणि निम्मे निकाल ऐकायला आले असावेत, असा माझा कयास आहे. गंमत अशी की भांडतात ते भक्त. देव आपसांत बरे असतात. बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स यांच्या नावाने साठ वर्षे डोकी फुटत आली आहेत. प्रत्यक्षात १९६३ साली स्टोन्सना डेका कंपनीकडे जागा मिळाली ती बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनने शब्द टाकल्यामुळे, आणि त्यांचे दुसरे गाणे लेनन-मॅकार्टनी यांनी लिहून दिलेले होते. दोघांच्या तबकड्या एकाच आठवड्यात येऊन एकमेकींचा धंदा मारू नयेत, म्हणून ते तारखा ठरवून घेत. आपल्याकडच्या दोन दिवाळी अंकांना हे कधी जमेल काय?

मी पंचाची खुर्ची स्वीकारली आणि पहिला आक्षेप घेतला तो भाषेवर. तेवढाच माझा अधिकार. थोर आणि प्रभावी हे दोन शब्द या घरात जोडीने वापरले जात होते, जणू ते सख्खे भाऊ. ते सख्खे नाहीत. थोरवी ही जिच्यापाशी आहे तिच्यापाशीच राहते. प्रभाव मात्र दुसऱ्याच्या घरात सापडतो. आमच्या विद्यापीठांत 'अमक्याचा तमक्यावर प्रभाव' या विषयावर दरसाल इतके प्रबंध होतात की त्यांच्या गठ्ठ्यांनी एखादे गोदाम भरेल, आणि त्यांतल्या बहुतेकांत शेवटी निघते काय? तमक्याने अमक्याचे घेतले आहे, पण अमक्यानेही कोणाचे तरी घेतले होते. "मग लिव्हरपूलला जाऊ," ताई म्हणाली. "तिथे तरी यांची तोंडं चालायची थांबतील." तिला स्वतःला लताबाई पुरतात.

मँचेस्टरहून लिव्हरपूल आगगाडीने तासाभराच्या आत येते. या दोन गावांमधला लोहमार्ग १८३० सालचा. वाफेच्या इंजिनावर, वेळापत्रक लावून दोन शहरांमध्ये चाललेली जगातली ती पहिली गाडी. तो बांधण्याचे मोठे कारण होते बंदरातला कापूस गिरण्यांपर्यंत पोचवणे. गाडीत बसल्यावर मला हे आठवले आणि मी ते सांगूही पाहिले. पण समोर ढोलकीवाला श्रेष्ठ की गिटारवाला, असा प्रश्न ऐरणीवर होता. माझा कापूस कोणी घेतला नाही.

लाइम स्ट्रीट स्टेशनाबाहेर पडले की समोर सेंट जॉर्जेस हॉलचे प्रचंड खांब उभे राहतात. गाव श्रीमंत होते, आणि ते श्रीमंत असल्याचे सर्वांना कळावे अशी त्याची इच्छा होती, हे पहिल्या दोन मिनिटांत समजते. टॅक्सीवाला गप्पिष्ट भेटला. भाच्याने आपला प्रश्न लगेच त्याच्यापुढे टाकला. तो हसला. म्हणाला की या गावात तो वाद कोणी घालत नाही. इथे वाद एकच, तुम्ही लाल की निळे? लाल म्हणजे लिव्हरपूल फुटबॉल क्लब, निळे म्हणजे एव्हर्टन. एकाच घरात दोन्ही रंग नांदतात आणि शनिवारी जेवण वेगळे होते. आम्हाला तो घरचाच माणूस वाटला.

पिअर हेड म्हणजे मर्सी नदीचा धक्का. नदी इथे समुद्राला भेटायच्या बेतात असते, त्यामुळे तिला नदी म्हणावे की खाडी, हे ठरत नाही. पाण्याचा रंग आपल्या पावसाळी पूर्णेसारखा, आणि वारा असा की टोपी हातातच धरावी. काठावर तीन भव्य इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत. एकीच्या दोन मनोऱ्यांवर दोन पक्षी पंख उघडून बसलेले. ते लिव्हर पक्षी, गावाचे दैवत. मधली इमारत क्युनार्ड या आगबोट कंपनीने बांधलेली. या साऱ्या वैभवामुळे २००४ साली गावाला जागतिक वारशाचा मान मिळाला होता आणि नव्या बांधकामांच्या हव्यासापायी २०२१ साली तो काढून घेण्यात आला. मान मिळाल्याचे फलक आपण पुष्कळ पाहतो. गेल्याचा फलक मात्र कोणी लावत नाही.

या इमारतींसमोर चार पुतळे आहेत. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन, रिंगो स्टार. डिसेंबर २०१५ मध्ये बसवलेले. चबुतरा जवळजवळ नाहीच. चौघे अंगात ओव्हरकोट घालून नदीकडे पाय टाकत निघाले आहेत, माणसापेक्षा थोडे मोठे, पण देवापेक्षा लहान. फोटो काढून घेणाऱ्यांची रांग होती. एक म्हातारे जोडपे बराच वेळ रिंगोपाशी उभे होते आणि बाई त्याच्या कोटाची कॉलर सारखी करीत होत्या, काशाची कॉलर. मला ते पाहून पंढरीतल्या पदस्पर्शाची आठवण झाली. भाऊजी, झेपेलिनचे असूनही, रांगेत उभे राहिले.

तिथून चालत मॅथ्यू स्ट्रीटला गेलो. गल्ली अरुंद, दोन्ही अंगांना दुकाने, प्रत्येक दुकानात तेच चार चेहरे: कपावर, मोज्यांवर, बिस्किटांच्या डब्यावर. दर दहा पावलांवर कोणीतरी गिटार घेऊन तीच गाणी म्हणत असतो. या बाजाराचा मला कंटाळा आला हे लपवीत नाही. मोठ्या माणसाचे गाव हा त्या माणसावर होणारा शेवटचा अन्याय असतो. तरी केव्हर्न क्लबच्या पायऱ्या उतरायलाच हव्यात. मूळ केव्हर्न हे एका गोदामाचे तळघर. जानेवारी १९५७ मध्ये तिथे जाझसाठी क्लब निघाला. बीटल्स तिथे फेब्रुवारी १९६१ पासून ऑगस्ट १९६३ पर्यंत जवळजवळ तीनशे वेळा वाजले. पुष्कळदा भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. कचेऱ्यांतल्या मुली डबा घेऊन यायच्या. आत हवा नसे, भिंतींवरून घाम ओघळे, आणि जंतुनाशकाचा, गटाराचा व कुजक्या फळांचा मिळून एक वास असे, तो कपड्यांना चिकटून घरापर्यंत जाई. दारू मिळत नसे. असल्या जागी तास तास वाजवून, त्याआधी जर्मनीत हांबुर्गच्या बदनाम वस्तीत रात्र रात्र वाजवून, ही पोरे तयार झाली. थोरवीचे गूढ वगैरे जे म्हणतात ते मला त्या तळघरात बरेचसे उलगडले. आपल्याकडे गुरूच्या घरी पाणी भरीत बारा वर्षे काढलेल्या गवयाला जे मिळते, ते यांनी दोन-तीन वर्षांत, पण दिवसाला आठ तासांच्या दराने मिळवले.

आजचे केव्हर्न हे ते केव्हर्न नव्हे. मूळ क्लब १९७३ साली बंद करून जागा भरून टाकली होती. पुढे त्याच गल्लीत, बऱ्याच अंशी त्याच जागी, जुन्याच विटा पुष्कळशा वापरून १९८४ साली हे नवे तळघर बांधले. म्हणजे जीर्णोद्धारच. कमानी ठेंगण्या, विटा उघड्या, व्यासपीठ कोनाड्याएवढे. आम्ही गेलो तेव्हा एक मध्यमवयीन गृहस्थ एकटेच गिटारवर गात होते आणि जमलेले निरनिराळ्या देशांचे लोक त्यांच्याबरोबर गात होते. भाच्याने तेवढ्यात माझ्या कानाशी लागून सांगितले की व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या गावी अशी जत्रा भरत नाही. मी म्हटले, "खरं आहे. म्हणून तुला ते आवडतात." तो दहा मिनिटे बोलला नाही.

घरे आम्ही धावतपळत पाहिली. पेनी लेन ही एक साधी रस्त्याची वळवण आहे. न्हाव्याचे दुकान आणि बसथांबा. वुल्टनच्या सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत ६ जुलै १९५७ रोजी सोळा वर्षांच्या जॉनची आणि पंधरा वर्षांच्या पॉलची ओळख झाली. चर्चच्या आवारातल्या थडग्यांत एलेनर रिग्बी हे नाव कोरलेला दगडही आहे. पॉलचे घर म्हणजे नगरपालिकेने बांधलेल्या चाळवजा रांगेतले एक. ताईला ते घर फार आवडले. स्वयंपाकघर पाहून ती म्हणाली, "आई गेली तेव्हा पोरगा चौदा वर्षांचा होता ना? मग भाकरी कोण करत असेल?" दिवसभरात विचारला गेलेला सर्वांत समजूतदार प्रश्न तो हाच असे माझे मत आहे.

दुपारी पाऊस आला आणि आम्ही अल्बर्ट डॉकच्या आसऱ्याला शिरलो. १८४६ साली उघडलेली ही लाल विटांची, लोखंडी खांबांची गोदामे पाण्याभोवती चौकात उभी आहेत. त्यांत कापूस, चहा, रेशीम, साखर, तंबाखू उतरायची. आता त्यांत उपाहारगृहे आणि संग्रहालये आहेत. एक बीटल्सचे, तिकीट लावून, बाहेर रांग. आणि त्याच डॉकमध्ये, चार पावलांवर, सागरी संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर, तेव्हा एक गुलामगिरीचे होते. हे २००७ साली उघडले. गुलामांचा व्यापार ब्रिटिश कायद्याने बंद झाला त्याला त्या वर्षी दोनशे वर्षे होत होती. तिथे तिकीट नव्हते. रांगही नव्हती.

मला आत जायचे होते. बाकीची मंडळी पावसाने माझ्या मागे आली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात गुलामांच्या व्यापाराचे सर्वांत मोठे बंदर हेच होते. इथून निघालेल्या जहाजांनी सुमारे पंधरा लाख आफ्रिकन माणसे अटलांटिकपार नेली असे मानतात. जहाज इथून कापड, भांडी, बंदुका घेऊन आफ्रिकेला जाई. तिथे माल उतरवून माणसे भरी. ती पलीकडे विकून साखर, तंबाखू घेऊन परत इथे येई. पुढे तिकडून कापूस येऊ लागला. व्यापार १८०७ साली बंद झाला, पण अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ पर्यंत चालू राहिली, आणि तोवर त्या गुलामांनी वेचलेला कापूस याच धक्क्यावर उतरत राहिला. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस तिकडचा असे.

आणि इथे माझ्या पणजोबांचे शेठजी भेटले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडची बंदरे रोखली गेली, आणि या धक्क्यावर गाठी उतरेनात. लँकेशायरमध्ये उपासमार झाली. मुंबईला सोन्याचा पाऊस पडला. लिव्हरपूलच्या दलालांचे डोळे आमच्या काळ्या जमिनीकडे वळले. मुंबईच्या शेअरबाजारात तेव्हा उठलेले वादळ आणि १८६५ साली युद्ध संपताच झालेली धूळधाण इतिहासात आहे. पण आमच्याकडे रूळ आले, गोदामे आली, दाबखाने आले, खामगावपर्यंत खास फाटा निघून १८७० साली खुद्द लॉर्ड मेयोच्या हस्ते तो उघडला. एका ठिकाणच्या गुलामांचे युद्ध, आणि दुसऱ्या ठिकाणच्या कुणब्याच्या शेतात ज्वारीच्या जागी कपाशी. असा तो हिशेबी शेठ!

पण याचा रॉक बँडशी संबंध काय? भाचीने नेमके हेच विचारले, आणि उत्तर तिच्या भावानेच दिले. तो सकाळपासून प्रथमच वाद सोडून बोलत होता. मिसिसिपीच्या ज्या गाळवट काळ्या मातीत तो कापूस पिकत होता, तिथेच, गुलामी सुटल्यावर बटाईने राबणाऱ्या त्याच माणसांच्या मुला-नातवांनी ब्लूज हे गाणे उभे केले. मडी वॉटर्स हा त्यांतलाच. स्टोव्हाल नावाच्या मळ्यावर तो कापसात वाढला. १९४१ साली अॅलन लोमॅक्स नावाचा लोकगीतांचा संग्राहक यंत्र घेऊन त्याच्या खोपटात गेला आणि त्याचे गाणे मुद्रित करून त्यालाच ऐकवले. दोन वर्षांनी तो मळा सोडून शिकागोला गेला आणि तिथे त्याने विजेची गिटार हातात घेतली. त्याच्या एका गाण्यावरून लंडनच्या पोरांनी आपल्या बँडचे नाव ठेवले: रोलिंग स्टोन्स. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांची बालपणीची ओळख १९६१ साली डार्टफर्ड स्टेशनावर पुन्हा जुळली, ती जॅगरच्या काखोटीला चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्या तबकड्या होत्या म्हणून.

मला तेव्हा बहिणाबाई आठवल्या. त्याही कापसाच्याच मुलखातल्या. लिहिता न येणाऱ्या. मुलाने गाणी उतरून घेतली म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली ती छापून निघाली आणि साऱ्या महाराष्ट्राला कळले की आपल्यात असे कोणी होते. सोपानदेव नसते तर? आमच्याकडे वेचणीच्या बायका रांगेने बोंडे वेचता वेचता जे म्हणतात, त्यातले किती कोणी उतरून घेतले?

बीटल्सचे तरी निराळे काय? गावात गोष्ट अशी सांगतात की न्यूयॉर्कच्या आगबोटींवर काम करणारे इथले खलाशी तिकडच्या तबकड्या पेटीत घालून आणीत आणि त्या ऐकून ही पोरे शिकली. जाणकार सांगतात की तबकड्या गावातल्या दुकानांतही मिळत होत्या, बोटींचे माहात्म्य वाढवून सांगितले जाते. असेल, पण हॅरिसनची पहिली चांगली अमेरिकन गिटार १९६१ साली एका खलाशाकडूनच घेतलेली होती, हे खरे. १९६३ साली त्यांची पहिली मोठी तबकडी निघाली, तीत चौदा गाणी. त्यांतली सहा दुसऱ्यांची, आणि त्यांतली बहुतेक अमेरिकेतल्या काळ्या गायक-गायिकांनी आधी गाजवलेली. हांबुर्गला या पोरांना पहिल्यांदा घेऊन गेलेल्या गाडीत लॉर्ड वुडबाइन या नावाने ओळखला जाणारा त्रिनिदादचा एक गायकही होता. हॅरल्ड फिलिप्स त्याचे नाव. तो १९४८ साली विंडरश बोटीने इंग्लंडला आला होता आणि या पोरांना सुरुवातीला वाजवायला जागा देणाऱ्यांत होता. धक्क्यावरच्या चार पुतळ्यांपाशी उभ्या असलेल्या गर्दीत त्याचे नाव कोणाला ठाऊक असावे असे मला दिसले नाही.

उपाहारगृहात चहा घेताना वाद पुन्हा सुरू झाला, पण त्याचा सूर बदलला होता. भाच्याने बापाला डिवचले, "बाबा, तुमच्या झेपेलिनचं ते सगळ्यांत गाजलेलं गाणं?" १९६९ सालचे ते. त्यातले शब्द विली डिक्सनने मडी वॉटर्ससाठी लिहिलेल्या एका गाण्यातून आले होते. डिक्सनने १९८५ साली दावा लावला, १९८७ साली आपसांत मिटला, आणि मग त्याचे नाव गाण्यावर चढले. भाऊजींनी चहात साखर नसताना बराच वेळ चमचा फिरवला. मग म्हणाले, "चोरी आहे हे मान्य. पण तसं वाजवून दाखव ना." यातही तथ्य आहे. घेतलेल्यावर नवे काही उभे करणे हीसुद्धा सामान्य गोष्ट नव्हे. नाहीतर उसनवारी केलेले सगळेच थोर झाले असते आणि आमच्या मराठी रंगभूमीवर पाय ठेवायला जागा उरली नसती. प्रश्न घेण्याचा नाही, नाव सांगण्याचा आहे. तिथे माणसे वेगवेगळी वागली. स्टोन्सना १९६५ साली अमेरिकेत एका टेलिव्हिजन कार्यक्रमाचे बोलावणे आले, तेव्हा त्यांनी हाउलिन वुल्फ या ब्लूजच्या बुजुर्गालाही व्यासपीठावर आणवले आणि आपण त्याच्या पायाशी बसून ऐकले. बीटल्सनी १९६४ साली फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला काळ्या-गोऱ्यांना वेगळे बसवणार असाल तर वाजवणार नाही, असे बजावले. हेच बीटल्स १९६७ साली हॅरिसनचे भारतीय वळणाचे गाणे काढतात, तेव्हा त्यात दिलरुबा आणि तबला वाजवणाऱ्या लंडनमधल्या आपल्या माणसांची नावे वेष्टनावर छापत नाहीत. पुढच्याच जानेवारीत हॅरिसन मुंबईला येऊन एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करून गेला. त्यांत तेव्हाचे तरुण हरिप्रसाद चौरसिया आणि शिवकुमार शर्मा होते. रविशंकरांचे शिष्यत्व मात्र त्याने शेवटपर्यंत मिरवले, हे त्याच्या पारड्यात टाकायला हवे.

भाचीने तेवढ्यात आपले घोडे दामटले. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, त्याने पहिला बँड तिथेच काढला, म्हणून मामा मराठी असल्यामुळे निकाल क्वीनच्या बाजूने लागला पाहिजे! पंचाच्या प्रादेशिक भावनेला हात घालण्याची ही युक्ती आमच्या स्नेहसंमेलनांत नेहमी यशस्वी होते. पण मी बधलो नाही.

निकाल मी परतीच्या गाडीत दिला. थोर म्हणाल तर माझे मत बीटल्सकडे. १९६२ सालच्या त्यांच्या पहिल्या गाण्यापासून १९६९ पर्यंत त्यांनी सात वर्षांत जेवढी मजल मारली, तेवढी मारायला एकेका भाषेच्या कवितेला पन्नास वर्षे लागतात. आणि १९७० साली थांबले, हेही त्यातच धरा. भाऊजींनी मान हलवली, भाच्याने हलवली नाही. पण प्रभावाचे बक्षीस देता येत नाही, असे मी म्हणालो, कारण तुमच्या नियमात खोट आहे. 'बँडच पाहिजे, एकटा गाणारा बाद' हा नियम तुम्ही पोरीची टेलर स्विफ्ट काढायला केला, आणि त्याच दाराने मडी वॉटर्स बाहेर गेला, चक बेरी गेला, लिटल रिचर्ड गेला. ज्यांच्याकडून सर्वांनी घेतले ते बहुतेक एकटे होते. सावकारांना दाराबाहेर उभे करून तुम्ही आत ऋणकोंमध्ये सर्वांत श्रीमंत कोण, ते ठरवीत बसला आहात. भाची टाळ्या वाजवू लागली.

"मग नियम बदलायचा तर पहिलं नाव कोणाचं?" भाऊजींनी विचारले. आणि स्वतःच म्हणाले, "थांबा. उद्या सकाळी फिरायला जाऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला दक्षिण मँचेस्टरमधल्या एका सायकलवाटेवर नेले. पूर्वी तो लोहमार्ग होता. रूळ गेले, दोन्ही बाजूंना झाडी वाढली. एका जागी थांबून ते म्हणाले, इथे विल्ब्रहॅम रोड नावाचे स्टेशन होते. ते बंद पडल्यावर, ७ मे १९६४ रोजी, टेलिव्हिजनवाल्यांनी इथे एक कार्यक्रम केला. एका फलाटावर श्रोते बसवले, पोरेच सारी. समोरच्या फलाटावर गाणारे. मडी वॉटर्स आला होता. आणि सिस्टर रोझेटा थार्प आली, घोडागाडीतून, अंगात लांब कोट घालून; वय एकोणपन्नास. १९३० च्या दशकापासून ती देवाची गाणी गिटारवर वाजवीत आलेली. लिटल रिचर्डने लहानपणी तिच्याकडून उत्तेजन घेतलेले. पाऊस पडून गेला होता. फलाट ओला होता. तिने ओल्या फलाटावर गिटार गळ्यात अडकवली आणि ठरलेले गाणे सोडून पावसाचे गाणे सुरू केले.

तिथे आता दोन भिंतींचा कठडा आणि खाजकुयरीसारखे कसले तरी तण आहे. दोन सायकलस्वार घंटी वाजवीत गेले. भाचीने खिशातून फोन काढला, नाव विचारून घेतले, अक्षरे पुन्हा एकदा सांगायला लावली आणि ते जुने चित्रण शोधून काढले. पाच डोकी एका फोनवर वाकली. बाई हसत हसत गिटारवर बोटे टाकत होत्या, पलीकडच्या फलाटावरची पोरे टाळ्यांचा ठेका धरत होती, आणि भाचा, ज्याला सहसा काही पसंत पडत नाही, तो तिच्या डाव्या हाताकडे पाहत म्हणाला, "मागे घे. ते परत दाखव."